जुन्या तोंडवळ्याचा कार्ब्युरेटर

एका कार्ब्युरेटरपायी मी अकोल्यात एका माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. भर दुपारी, त्याच्याच गॅरेजसमोर, शेजारच्या टपरीवर चहा पिणारी दहा-बारा माणसं बघत असताना. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला समज व्हायला नको.

तो माणूस मिस्त्री. जुन्या पेट्रोल गाड्यांचा. असे हात आता वऱ्हाडात फार उरले नाहीत. इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर नव्या गाड्यांना नसतोच. गॅरेजवाले कॉम्प्युटर जोडतात आणि तो सांगेल तो भाग बदलतात. हा मिस्त्री चालू इंजिनच्या कार्ब्युरेटरवर अंगठा आणि शेजारची दोन बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पेट्रोल जास्त झालंय की हवा, ते सांगायचा. मग स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं. खोकणारं इंजिन एकदम शांत व्हायचं. नागपूरहून लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे ते त्या बोटांसाठी. तीच बोटं मी मोडली.

गाडी माझ्या वडिलांची. लांब नाकाची, चौकोनी दिव्यांची, रुंद बुडाची. ती बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला. वरूडला बाबांचा संत्र्याचा व्यापार जोरात होता त्या काळात त्यांनी ती घेतली. झाडावरचा माल नजरेनं मोजून बागच्या बाग उचलणारा माणूस. त्यांच्या गाडीचा आवाज आला की बागवाले धोतर सावरत उभे राहायचे. घरी आम्हीही उभे राहायचो, पण ते भीतीनं. मी नववीत असताना माझ्या सायकलचं हँडल गाडीच्या दाराला घासलं. बाबांनी डिकीतून जुना फॅनबेल्ट काढला आणि अंगणात मला हाणलं. आई मध्ये पडली, तिच्याही पाठीवर दोन बसले. आमच्या घरी मार जेवणातल्या मिठासारखा होता, रोज लागायचाच. बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं, मारतानाही तेच आणि गाडीखाली निजून काम करतानाही तेच: "ढिल्लं सोडलं का नटई जाते आन पोट्टंई." म्हणजे नटही हातचा जातो आणि पोरही.

आई गेली. धंदा बसला, बाबांचे गुडघे गेले. ते अमरावतीला माझ्याकडे राहायला आले, सोबत गाडीही आली. चालवणं त्यांच्यानं होत नव्हतं. पण रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते बोनट उघडत, रॉकेलच्या फडक्यानं सगळं इंजिन पुसत आणि मग पाना घेऊन हाताला लागेल तो नट एकदा आवळून घेत. नट आधीच घट्ट असला तरी. एक आटा द्यायचाच. हे झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

स्वभाव मी त्यांचाच घेतला. माझं बियाण्यांचं दुकान आहे. उधारीवरून नाही, नुसत्या आवाज चढवण्यावरून मी गिऱ्हाइकाची कॉलर धरली आहे, ट्रकच्या ड्रायव्हरला थोबाडलं आहे. बायको म्हणते, "तुमच्या दुकानातलं बियाणं उगवो ना उगवो, भांडन मातर हमखास उगवते." मुलांवर मात्र मी कधी हात टाकला नाही. त्याचा मला मोठा अभिमान होता.

गाडी निळा धूर ओकू लागली तेव्हा इंजिन खोलून झिजलेले सिलिंडर घासणं, म्हणजे बोअर करणं, भागच होतं. बाबा म्हणाले, "बोअर करून आन. बाकी काहीच बदलू नोको. जशी हाये तशी वापस पायजे मले." मी हो म्हटलं. आणि अकोल्याला जाऊन मिस्त्रीला सांगितलं की पिस्टन मोठ्यात मोठे टाका, कॅमशाफ्ट घासून घ्या, हेड उतरवा, या इंजिनमधून जेवढी ताकद निघेल तेवढी काढा. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण बापाशी समोरासमोर बोलायची छाती नव्हती. मला ती गाडी माझी करायची होती, आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं. एवढंच त्यामागचं कारण. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं ठरेल.

इंजिन तयार झालं आणि कार्ब्युरेटरवर गाडं अडलं. मिस्त्रीनं बाकावर वर्तमानपत्र अंथरलं आणि तीन कार्ब्युरेटर ओळीनं मांडले. पहिला आमचाच, मूळचा. दुसरा दुप्पट मोठा, रुंद तोंडाचा, कुठल्यातरी परदेशी गाडीच्या भंगारातून काढलेला. तिसरा वरून आमच्यासारखाच, तीच राखाडी कातडी, तेच झाकण, पण आतला घसा लेथवर मोठा केलेला.

"पयला नाई चालत," मिस्त्री म्हणाला. "इंजिन पैलवान करून ठेवलं तुमी. त्याले या तोंडानं पोट भरत नाई. हा दुसरा घ्या, भाऊ. याच्यात काही इचार करायचा नाई."

"हा वर दिसते ना पन. बोनट उघडलं का कोनीबी वळखते."

"वळखू द्या ना. कोनाचं भेव हाये तुमाले?"

मी हात पुढं केला आणि तिसरा उचलला. वजनाला तोच, हाताला तोच. वर जुना एअर फिल्टरचा डबा बसवला की बाबाच काय, बनवणारा आला असता तरी त्यानं ओळखला नसता. मिस्त्रीनं डोकं खाजवलं.

"हा चालते. पन नाजूक हाये. पेट्रोल जास्त याले पायजे म्हून म्या वरचं भोक मोठं केलं. त्यानं पेट्रोलच्या पाइपाचा हा पितळी नट धराले आटे कमी उरले, धातूई पातळ झाला. म्या जेवढा आवळतो तेवढाच राहू द्या. त्याच्यावर पाना लावू नोका. गळला, बिघडला, तं गाडी अठी आना. घरी हात लावू नोका. कोनालेच लावू देऊ नोका."

त्यानं हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना नटावर बोट ठेवून सांगितलं. बाबांचा रविवार मला ठाऊक होता. तरी मिस्त्रीचं बोलणं आणि बाबांचा पाना या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नाहीत. आल्या नाहीत की मी येऊ दिल्या नाहीत, ते आज सांगता येत नाही. बाबांना "तेवढ्या नटाला हात लावू नका" म्हटलं असतं तर त्यांनी "काहून?" विचारलं असतं. आणि त्या काहूनला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती गाडी मी पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर दाबली तो दिवस आठवतो. पायाखालचं इंजिन डरकाळी फोडून उसळलं आणि मी सीटला चिकटलो. मोठमोठ्या नव्या गाड्यांना मी मुद्दाम मागून गाठायचो, दिवे मारायचो, अंगाला अंग घासेल असा बाजूनं निघायचो. एकाला तर पार रस्त्याखाली उतरवलं. त्याची शिवी काचेतून दिसली आणि मला खूप बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते बरंच.

घरी बाबांनी बोनट उघडलं. मी शेजारी उभा. ते म्हणाले, "आवाज बदलला बे हिचा." मी म्हटलं, "बोअर केलं ना, बाबा." त्यांनी फडक्यानं कार्ब्युरेटर पुसला, चारी बाजूंनी पाहिला आणि मान हलवली. त्यांना पटलं. मी मनातल्या मनात हसलो आणि चहा घ्यायला आत गेलो. बाहेर पान्याचा टक् असा आवाज आला असेल, तो मी ऐकला नाही.

मे महिन्यात अकोल्याला एक लग्न होतं. मी आणि बायको निघालो. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. मूर्तिजापूर मागं पडलं आणि बायको म्हणाली, "पेट्रोलचा वास येऊन राहिला. थांबा जरा."

"उन्हाचा येते तो."

"मी सांगून राहिली ना, थांबा म्हून!"

मी तिच्यावर ओरडलो आणि पाय आणखी दाबला. दोन किलोमीटर गेलो असू, बोनटच्या फटीतून धूर आला. गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि जे करू नये तेच केलं, बोनट उघडलं. हवा लागताच भडका उठला. माझ्या भुवया गेल्या. मी मागं पडलो. बायको पुढं धावली. रस्त्याकडेची माती दोन्ही हातांनी उचलून इंजिनवर फेकू लागली आणि तिच्या साडीच्या पदरानं पेट घेतला. लग्नाला जायला नेसलेली साडी, मिश्र धाग्याची. ती जळली नाही, वितळली. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चिकटली. ती किंचाळत होती आणि मी तो पदर ओढत होतो, पदरासोबत कातडी येत होती. एका ट्रकवाल्यानं केबिनमधून आग विझवायचा लाल डबा काढला म्हणून बाकीची ती वाचली.

तिला दवाखान्यात ठेवलं. रात्रभर तिचं कण्हणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अकोल्यात मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभा होतो.

तो एका गाडीच्या बोनटात वाकलेला होता. मला पाहून हसला. "या भाऊ, कशी चालून राहिली गाडी?" त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी त्याला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. डुप्लिकेट माल बसवला, माझी बायको जाळली, असं ओरडलो. टपरीवरची माणसं उठली. मिस्त्रीचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, थांबा. पयले सांगा, नट कोन आवळला?"

बस, त्यानं तेवढंच विचारलं. माझ्यावर उलटतो काय, असं मला वाटलं. त्याचा उजवा हात गाडीच्या पुढच्या पत्र्यावर होता. मी बोनट दोन्ही हातांनी धरलं आणि खाली आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. ओली काडी मोडावी तेवढाच. तो गुडघ्यावर बसला आणि त्याची बोटं तशीच पत्र्यात अडकलेली. मी बोनट उघडून त्याला सोडवलंही नाही. वरून दोन लाथा घातल्या.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. तो व्हिडिओ माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो पुसायचा की नाही? मी त्याखाली लिहिलं, "या मिस्त्रीनं नकली कार्ब्युरेटर बसवून माझी बायको जाळली, सावध राहा," आणि माहितीतल्या प्रत्येक ग्रुपवर टाकला. अमरावती, अकोला, वरूड, पातूर, सगळीकडे फिरला. पोलिसात काही होऊ नये म्हणून एका ओळखीच्या माणसानं फोन केला. प्रकरण कागदावर आलंच नाही. मिस्त्रीचा हात प्लास्टरमध्ये आणि नाव मातीत. मला वाटलं, न्याय झाला.

पण माझं तेवढ्यानं भागलं नाही. महिना-दीड महिन्यानं, बायको दवाखान्यातून घरी आल्यावर, त्याच्यावर ग्राहक मंचात दावा ठोकायचा म्हणून जळका कार्ब्युरेटर पिशवीत घालून मी अमरावतीतल्या एका म्हाताऱ्या निवृत्त सरांकडे नेला. आयुष्यभर मुलांना मोटार मेकॅनिकचं शिकवलेला माणूस. म्हटलं, हा नकली आहे असं लेखी द्या. त्यांनी चष्मा लावला, काजळी पुसली, पितळी नट उजेडात धरला.

"याच्यात मिस्तरीचा दोष कुठं हाये, भाऊ? हे पाहा, नटाचे कोपरे गोल झाले. एकदा नाई, घडीघडी पाना लावला कोनंतरी. झाकनातले आटे ओढून काढले. काम तं चांगलं होतं मिस्तरीचं. हे आवळून आवळून मारलं."

मी त्यांच्या ओट्यावर बसलो. मग उठलो तो घरापर्यंत जवळजवळ धावतच आलो.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते. गाडी नव्हती तरी त्यांनी पाना काढला होता आणि तेल लावून पुसत होते.

"कार्ब्युरेटरच्या पाइपाचा नट तुमी आवळत होते का?" मी विचारलं.

"हो मंग. ढिल्लाच ठेवला होता त्या मिस्तरीनं. दर खेपेले एक आटा देत होतो. तरी जरा जरा फिरेच तो. म्हून तं म्हनतो, मिस्तरी भुरटा."

मी त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि त्यांना खुर्चीतून उचललं. ऐंशीच्या घरातला माणूस, चिपाडासारखा उचलला गेला. पाना माझ्या हातात कधी आला मला कळलं नाही. तो मी डोक्याच्या वर नेला होता. बाबांनी डोळे मिटून मान खाली घातली. अंगणात फॅनबेल्ट खाताना मी घालायचो, अगदी तशी.

"त्याहिले काहून मारता?" बायको दारात उभी होती, डावा हात बँडेजमध्ये. ती ओरडली नाही. "त्याहिले कोनी सांगतलं होतं का, का त्या नटाले हात लावू नोका म्हून? तुमाले तं सांगतलं होतं ना मिस्तरीनं? मले तुमीच बोलले होते तवा, हसत हसत. मंग त्याहिले काहून नाई सांगतलं?"

मी बाबांना सोडलं. ते खुर्चीत पडले. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला, म्हणून पाना भिंतीवर फेकला. मग त्यांच्यासमोर खाली बसून मी सगळं सांगितलं. पिस्टन, कॅमशाफ्ट, तीन कार्ब्युरेटर, तिसरा का घेतला ते. मला वाटलं, म्हातारा आता उठेल आणि मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यापाशी चोळलं. मग म्हणाले, "तुले एवढं भेव वाटते माहं? अजून?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला निघालो तर बाबा आधीच धोतर-टोपी घालून तयार. नको म्हटलं तरी ऐकेनात. आम्ही बसनं गेलो. स्टँडवरून ऑटो केला.

गॅरेजसमोर एकच गाडी उभी होती. पूर्वी तिथं रांग असायची. मिस्त्रीचं प्लास्टर निघालं होतं. अंगठ्याशेजारची दोन बोटं सरळ ताठ होती, वळत नव्हती. मला पाहताच तो दोन पावलं मागं सरला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, माझ्या भीतीनं मागं सरला.

बाबा काठी टेकत पुढं गेले. "मिस्तरी, नट म्या आवळला. दर रविवारी. तुह्या कामात खोट नव्हती."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. "काकाजी, तुमाले कोनं सांगतलं होतं का नोका आवळू म्हून?"

"नाई."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. बसमध्ये मी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "चूक माही हाये," एवढंच निघालं.

"मले नोका सांगू. मले पयल्या दिवसापासून मालूम हाये," तो म्हणाला. "व्हिडिओ तुमीच पाठोला ना सगळ्याईले? काढा मोबाइल."

टपरीवरच्या त्याच माणसांसमोर मी उभा राहिलो. एकानं माझाच मोबाइल धरला. बापाला कळू नये म्हणून मी जुन्या तोंडवळ्याचा कार्ब्युरेटर मागितला, मिस्त्रीनं नको म्हटलं होतं, बजावलंही होतं, मी ते बापाला सांगितलं नाही, बायको माझ्यामुळं भाजली आणि या माणसाची बोटं मी मोडली. सगळं बोललो. ज्या ज्या ग्रुपवर पहिला टाकला होता त्या प्रत्येक ग्रुपवर, त्याच्या देखत, हाही टाकला.

"झालं?" मिस्त्रीनं विचारलं.

"झालं."

त्यानं डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. हात डावा, सवयीचा नाही, पण सगळा जीव ओतून मारली. कानात शिट्टी वाजली. आणि माझा हात वर गेला. एवढं सगळं झाल्यावर, एवढं सगळं बोलून झाल्यावरही, मूठ वळून वर गेला. मिस्त्रीनं तोंडापुढं आपला उजवा हात धरला, तोच.

बाबा माझ्या मुठीकडे पाहत होते. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मिस्तरी," ते म्हणाले, "हे त्याले म्या शिकोलं."

मी मूठ खाली घेतली. मिस्त्रीनं आम्हाला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो त्या उभ्या गाडीकडे वळला, इंजिन चालू केलं आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू डाव्या हातानं फिरवू लागला. इंजिन खोकत होतं, चढत होतं, पुन्हा बुडत होतं. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. ते काही केल्या जुळत नव्हतं. आम्ही दोघं बापलेक तिथंच उभे राहून ते ऐकत होतो.